हाताचं लायसन

आमचे इन्स्पेक्टर माणसाच्या तोंडाकडे बघायच्या आधी त्याच्या मानेकडे बघायचे. ऑफिसात कोणी नवीन माणूस आला, की पाणी प्यायचं निमित्त करून ते उठत, त्याच्या मागून एक चक्कर मारत आणि माझ्या शेजारच्या टेबलाशी परत येऊन हळूच सांगत, "परळ व्हिलेजचा कट. मशीन लावलीय. डाव्या कानामागे घाई केलीय, बघ." मी बघायचे. मला नुसती मान दिसायची.

मी तेव्हा लायसन खात्यात नवीन लागले होते. आमच्या खात्यात हॉटेलं, पिठाच्या गिरण्या, लाँड्र्या, सलून, ब्युटी पार्लर, सगळ्यांचे परवाने असत. बाकीचे इन्स्पेक्टर हॉटेलं आपल्याकडे यावीत म्हणून खटपट करत. आमचे इन्स्पेक्टर सलून आणि पार्लर मागून घ्यायचे. इतकी वर्षं तेच करत असल्यामुळे करी रोडपासून लालबागपर्यंतचे सगळे कारागीर त्यांना लांबून ओळखायचे आणि दिसले की टॉवेल बदलायचे. मागे त्यांना 'फुगेवाले' म्हणत. हे त्यांना माहीत होतं.

बारीक अंगाचे, उंच, शर्टाची वरची बटणंही लावलेली. डाव्या कानाची पाळी अर्धी नव्हती. लहानपणी कुठल्याशा न्हाव्याने कापली आणि तेव्हापासून हा माणूस सलूनवाल्यांच्या मागे लागला, ही गोष्ट मला रुजू झाल्याच्या आठवड्यातच शिपायाने सांगितली होती. पुढे ओळख वाढल्यावर मी त्यांना सरळ विचारलं. ते मालवणचे, वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेले. मूड चांगला असला की मालवणीत शिरायचे.

"गो बाय, कान जन्मापासून असोच आसा," ते म्हणाले. "पण लोकांची गोष्ट बरी आहे. ऱ्हवांदे."

खात्यातल्या कडक माणसांबद्दल आपली एक कल्पना असते, की ते कोणाकडे पाण्याचा थेंब घेत नाहीत. आमचे इन्स्पेक्टर सगळं घ्यायचे. सलूनवाल्याने चहा मागवला तर चहा, वडापाव मागवला तर वडापाव, गणपतीत मोदक. मजेत खायचे, चांगला असेल तर कुठून आणला ते विचारायचे आणि हात धुऊन त्याच सलूनच्या मोरीबद्दल वाईट शेरा लिहायचे. कारागिरांना हा विश्वासघात वाटे. एकाने तोंडावर म्हटलंही, "साहेब, खाल्लंत आमचं आणि लिहिलंत आमच्याविरुद्ध?"

"वडा चांगला होता," हे म्हणाले. "मोरी वाईट होती. दोन्ही खरं आहे."

फुग्याचं असं, की त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम रंगीत फुग्यांचं पाकीट असायचं. सलूनची तपासणी करून झाली, कागद भरून झाला, की एक फुगा काढून कारागिरासमोर धरायचे. फुगवायचा, त्याला साबणाचा फेस लावायचा आणि नवीन ब्लेड घालून वस्तऱ्याने तो फेस पूर्ण उतरवायचा. फुगा फुटला नाही पाहिजे. करी रोडच्या पुलाजवळच्या एका सलूनमध्ये एक नवा उत्तर भारतीय कारागीर होता. त्याने फुगा हातात घेतला आणि विचारलं, "साब, ये कायदे में है क्या?"

"नहीं है. फुगाव."

"फूट गया तो?"

"फूट गया तो आवाज होगा."

फुटला. दुकानात सगळे हसले, तो बिचारा गालावरचा साबण पुसत उभा राहिला. इन्स्पेक्टरांनी त्याच्याविरुद्ध एक अक्षर लिहिलं नाही, कारण लिहायला जागाच नव्हती. पण काही दिवसांनी ते दुसरा फुगा घेऊन परत गेले. मग परत. शेवटी त्या पोराचा फुगा टिकला, तेव्हा त्यांनी स्वतः चहा मागवला.

यामागे त्यांचं एक म्हणणं होतं आणि ते ऐकल्याशिवाय आमच्या खात्यातून कोणी सुटत नसे. परवाना देताना आपण काय बघतो? खोली केवढी आहे, पाणी कुठून येतं, सांडपाणी कुठे जातं, टॉवेल धुतात का, ब्लेड दर गिऱ्हाइकाला बदलतात का. खुर्चीमागे उभ्या असलेल्या माणसाला वस्तरा धरता येतो का, हे कुठे विचारलेलंच नाही. "गळ्याला धार लावू देतो आपण अनोळखी माणसाला," ते म्हणायचे. "रिक्षावाल्याकडे लायसन मागतो. याच्याकडे खोलीचं लायसन मागतो. हाताचं कोण देणार?"

दर वर्षी ते राज्य सरकारला एक प्रस्ताव पाठवायचे. केस कापणारे, दाढी करणारे, पार्लरमध्ये काम करणाऱ्या बाया, सगळ्यांची सरकारने परीक्षा घ्यावी आणि पास होईल त्याच्याच हातात वस्तरा, कात्री, केमिकल द्यावं. प्रस्ताव वॉर्डाच्या मोठ्या साहेबांमार्फत वर जायचा. वरून उत्तर येत नसे. एकदाच आलं, की आपण कळवलेली बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. ते घेऊन ते दिवसभर खुशीत फिरत होते. "म्हणजे कोणीतरी वाचलं," म्हणाले.

स्वतःचे केस कापायला ते शीव कोळीवाड्यात जायचे, बसने. आपल्या वॉर्डात खुर्चीवर बसलो तर कारागीर दबकून काम करतो, खरा हात कळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

माझ्या लग्नात त्यांनी जे केलं ते माझ्या सासूबाई अजून काढतात. दादरला हॉल होता. मुलीकडची माणसं जमायच्या आत हे हजर. नवरीच्या खोलीच्या दाराशी उभे राहून त्यांनी मेकअप करणाऱ्या मुलीला विचारलं, "हा ब्रश कोणाकोणाच्या तोंडाला लागून आलाय?" ती मुलगी गोंधळली. मग त्यांनी तिला काजळाची पेन्सिल नवीन आहे का विचारलं. ती रडायला लागली. माझी आई म्हणाली, "अहो, मुहूर्त टळेल!" ते खाली गेले आणि कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून स्पिरिट आणि कापूस घेऊन आले. माझ्या लग्नाच्या सगळ्या फोटोंत मी जरा वैतागलेली दिसते त्याचं कारण ते. डोळे मात्र आले नाहीत. त्याच मुलीने त्याच आठवड्यात सजवलेल्या माझ्या मावसबहिणीचे आले होते. हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढची काही वर्षं दुसरं काही ऐकायला मिळालं नसतं.

असा एकंदर माणूस. कटकट्या म्हणता येईल, विक्षिप्त म्हणता येईल. अण्णांचं प्रकरण झालं नसतं तर माझ्या मनात ते तेवढेच राहिले असते.

अण्णांचं सलून लालबागच्या एका गल्लीत, चाळीच्या जिन्याखाली होतं. दोन खुर्च्या, समोर लांब आरसा, कोपऱ्यात नळ. गिरण्या चालू होत्या तेव्हा पाळी सुटली की बाहेर रांग लागायची म्हणे. मी पाहिलं तेव्हा म्हातारे गिऱ्हाईक उरले होते, ते दाढीपेक्षा पेपर वाचायला येत. अण्णांची मुलगी वैशाली दादरच्या एका पार्लरमध्ये नोकरी करायची. संध्याकाळी बापाच्या दुकानात येऊन केर काढायची आणि पडदा लावून मागच्या बाजूला चाळीतल्या बायकांच्या आयब्रो करून द्यायची.

त्या दिवशी मी इन्स्पेक्टरांबरोबर होते, कारण त्याच गल्लीत एका पार्लरची तक्रार होती आणि पार्लरच्या आतल्या खोलीत जायला बाई लागते. ते काम झाल्यावर ते म्हणाले, "चल, अण्णांकडे बघून जाऊ."

अण्णांचं सगळं व्यवस्थित होतं. टॉवेल धुतलेले, नळाला पाणी, परवाना भिंतीवर काचेत. इन्स्पेक्टरांनी सवयीने फुगा काढला. अण्णांनी तो फुगवला, फेस लावला, वस्तरा टेकवला आणि फुगा फुटला. दुसरा दिला, तोही फुटला. तेव्हा मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. उजवा हात मनगटापासून हलत होता. ब्लेड लागायच्या आधीच हलत होता.

"अण्णा, डॉक्टरला दाखवलंत?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"कशाला?"

"हात."

"हाताला काय झालंय? फुगा म्हणजे रबर. रबरावर कोण दाढी करतो? तुम्ही सगळ्या लालबागला खेळणं करून ठेवलंय." अण्णांचा आवाज चढला. "तुमच्या बारशाच्या आधीपासून मी वस्तरा धरतोय. माणसावर बघा. आहे हिंमत?"

पेपर वाचणाऱ्या दोघांनी पेपर खाली केले. इन्स्पेक्टरांनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्याकडे दिलं आणि खुर्चीवर जाऊन बसले. आपल्या वॉर्डातल्या खुर्चीवर बसायचं नाही हा त्यांचा नियम मला माहीत होता, म्हणून मी काहीतरी बोलायला गेले. त्यांनी आरशातूनच मान हलवली.

अण्णांनी कापड बांधलं, ब्रशने फेस केला. इथपर्यंत सगळं सुरेख चाललं होतं. वस्तरा हातात आल्यावर त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि गालावरून पहिला हात ओढला. तो नीट गेला. दुसराही गेला. तिसऱ्याला हनुवटीच्या खाली, गळ्याच्या जरा वर, वस्तरा घसरला. फेसात लाल रेघ उमटली आणि पसरायला लागली.

इन्स्पेक्टर हलले नाहीत, त्यांनी हातही वर नेला नाही. अण्णा वस्तरा धरून आरशात बघत राहिले. इन्स्पेक्टरांकडे नाही, स्वतःच्या हाताकडे.

वैशाली तेवढ्यात दादरहून आली होती आणि दारात उभी होती. तिने पर्स पेपर वाचणाऱ्या एकाच्या मांडीवर ठेवली, नळावर हात धुतले, तुरटी घेतली आणि जखमेवर दाबून धरली. रक्त थांबल्यावर तिने बापाच्या हातातून वस्तरा काढून घेतला. ब्लेड टाकून दुसरं लावलं.

"बाबा, बसा," ती म्हणाली.

अण्णा बसले नाहीत, बाहेर निघून गेले.

"साहेब, अर्धी दाढी घेऊन ऑफिसला जाणार की करून देऊ?"

"यापूर्वी केलीयस?"

"बाबांची. रोज. त्यांना स्वतःची करता येत नाही, वर्ष झालं."

इन्स्पेक्टरांनी मान मागे टेकवली आणि डोळे मिटले. उरलेली दाढी तिने शांतपणे केली. मग त्यांनी तिलाही फुगा दिलाच. तिने तो साफ करून, पुसून, कोरडा करून त्यांना परत दिला. परत फिरताना ते गळ्याला कापूस लावूनच चालत होते. भारतमाता सिग्नलला म्हणाले, "मी बसायला नको होतं. त्यांना सगळ्यांच्या समोर कळलं."

वैशालीने पार्लरची नोकरी सोडली आणि सलून चालवायला घेतलं. म्हातारे गिऱ्हाईक पहिले काही दिवस बाहेरच्या बाकावर नुसते बसून राहिले. बाईच्या हातून दाढी करून घ्यायची म्हणजे घरी काय सांगणार. मग एक बसला, तो बरा दिसत होता, म्हणून दुसरा बसला. तरुण पोरंही यायला लागली. पडद्यामागे बायकांचं काम चालूच होतं. अण्णा समोरच्या ओट्यावर बसून सगळं बघायचे. इन्स्पेक्टर गल्लीत दिसले की तोंड फिरवायचे.

गल्लीच्या तोंडाशी एक एसी सलून नवीन उघडलं होतं. त्याच्या मालकाने आमच्याकडे तक्रार दिली. परवाना ज्याच्या नावावर आहे तो काम करत नाही, शिकलेली नसलेली मुलगी पुरुषांच्या गळ्याला वस्तरा लावते, पुरुषांच्या सलूनमध्ये बायकांचं काम चालतं, तरी परवाना रद्द करावा. सुनावणी वॉर्डाच्या मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये झाली. तक्रारदार होता, वैशाली होती, आमचे इन्स्पेक्टर होते आणि लिहून घ्यायला मी.

"कसला कोर्स केलाय?" मोठ्या साहेबांनी वैशालीला विचारलं.

"कोर्स नाही केला. पार्लरात कामाला होते."

"काय काम?"

"आधी केर काढायचे. मग आयब्रो, मग फेशियल, मग कटिंग."

"म्हणजे सर्टिफिकेट काहीच नाही."

"नाही."

मोठे साहेब इन्स्पेक्टरांकडे वळले. त्यांच्यापुढे एक जाड फाइल होती, ती उघडून त्यांनी वाचलं, "'परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय कोणाच्याही हातात वस्तरा देण्यात येऊ नये.' हे कोणाचं?"

"माझं," इन्स्पेक्टर म्हणाले.

"दर वर्षी माझ्यामार्फत वर पाठवता."

"हो."

"मग या मुलीच्या दुकानाला अनुकूल शेरा कसा दिलात?"

इन्स्पेक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मी इतकी वर्षं त्यांना बोलताना ऐकत होते, पण त्यांना शब्द शोधताना पहिल्यांदाच पाहिलं.

"साहेब, तो नियम अजून झालेला नाही," ते म्हणाले. "आजच्या नियमाप्रमाणे आपण खोली बघायची. खोली मी बघितली. पाणी आहे, टॉवेल स्वच्छ आहेत, ब्लेड बदलतात, बायकांना पडदा आहे. कारागिराकडे सर्टिफिकेट मागायचा आपल्याला अधिकारच नाही."

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही जे मागत होतात, ते नको म्हणताय?"

"आज नको म्हणतोय."

तक्रारदार पुढे सरकला. "साहेब, हे फुग्यावर परीक्षा घेतात. मलापण फुगवायला लावला."

"फुगा? हे कोणत्या नियमाखाली?"

"कोणत्याच नाही," इन्स्पेक्टर म्हणाले.

मोठे साहेब मागे रेलले. त्यांना गंमत वाटायला लागली होती. "बरं. एवढी कारागीर असेल तर इथेच होऊन जाऊ दे. आणा फुगा. आम्हीपण बघू."

इन्स्पेक्टरांचा हात खिशाकडे गेला. तेवढ्यात वैशाली म्हणाली, "नाही करणार."

"का? येत नाही?"

"येतं. पण मी जत्रेतला खेळ दाखवायला आले नाही इथे. तुम्हाला बघायचंय तर दुकानात या. नंबर लावा, खुर्चीवर बसा, दाढी करून देते. आवडली तर सांगा, नाही आवडली तर लिहा."

खिशाकडे गेलेला हात इन्स्पेक्टरांनी खाली घेतला आणि ते खिडकीबाहेर बघायला लागले. मला वाटलं त्यांना राग आला. जवळून पाहिलं तर ते हसू दाबत होते.

परवाना रद्द झाला नाही. मोठे साहेब काही वाईट नव्हते. परवाना मुलीच्या नावावर करून घ्या, बापाची संमती आणा, त्यासाठी मुदत देतो, असं त्यांनी लिहिलं. इन्स्पेक्टरांना मात्र, नियमात नसलेली परीक्षा घेऊन व्यावसायिकांना त्रास दिल्याबद्दल मेमो मिळाला आणि त्यांची बदली वरच्या मजल्यावर कुत्र्यांच्या लायसनकडे झाली. तिथेही ते फार दिवस शांत राहिले नाहीत. कुत्र्याचा परवाना घ्यायला आलेल्या बाईंना त्यांनी विचारलं होतं, की याला फिरवायला तुम्ही नेता की नोकर नेतो, म्हणजे लायसन नक्की कोणाचं करायचं?

त्या वर्षी त्यांचा प्रस्ताव माझ्याकडे टाइपला आला नाही. एकदा कँटीनमध्ये मी विषय काढला.

"तसा नियम झाला असता तर पहिली वैशालीच बाहेर बसली असती," ते म्हणाले. "परीक्षेची फी, कोर्सची फी, दहावीचं सर्टिफिकेट. एसीवाला पास झाला असता."

"मग तुमचं म्हणणं चुकीचं होतं?"

त्यांनी चहाचा घोट घेतला. गळ्यावरची ती खूण अजून दिसत होती. "नाही. चुकीचं नव्हतं. अण्णांचा वस्तरा आणखी जरा खोल गेला असता तर तू माझ्या फोटोला हार घातला असतास. कोणीतरी हात बघायला पाहिजेच." मग कप खाली ठेवून म्हणाले, "पण कोणी बघायचा, ते माका कळणा नाय."

यानंतर ते कुत्र्यांबद्दल बोलायला लागले.

मुदत संपायच्या दिवशी वैशाली अण्णांना घेऊन आमच्या काउंटरवर आली. अण्णा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते, केस विंचरलेले, दाढी गुळगुळीत. मी संमतीचा कागद पुढे ठेवला. जुन्या अर्जावरची त्यांची सही मी आधीच काढून ठेवली होती. झोकदार सही होती. शेवटच्या अक्षराचं शेपूट वळवून सगळ्या नावाच्या खालून मागे नेलेलं. नवीन सही तिच्याशी जुळायला हवी होती.

अण्णांनी पेन धरलं. वस्तऱ्यासारखंच, डाव्या हाताने मनगट पकडून. पहिलं अक्षर उमटलं, दुसऱ्याला पेन रेघ सोडून खाली घसरलं. मी दुसरा कागद दिला. त्यावर निब घुसून कागद फाटला. मागे रांग होती, लोक वाकून बघत होते. आमचे हेडक्लार्क टेबलावरूनच म्हणाले, "मॅडम, अंगठा घ्या त्यांचा. किती वेळ घालवताय."

अण्णांनी पेन खाली ठेवलं. "अंगठा नाही देणार."

"अहो बाबा, चालतो अंगठा."

"तुम्हाला चालतो. मी सातवी पास आहे. गिरणीतली माणसं दाढीला येताना गावची पत्रं घेऊन यायची, मी वाचून दाखवायचो, मीच उत्तरं लिहायचो. अंगठा त्यांचा घ्यायचे, माझा नाही."

"बाबा," वैशाली म्हणाली, "आज शेवटचा दिवस आहे. काय होतंय अंगठ्याने?"

"तुला नाही कळायचं." ते वळून चालायला लागले. मुलीने त्यांचा दंड धरला, तो त्यांनी सोडवून घेतला. तिचा चेहरा मी पाहिला. वस्तरा काढून घेताना तिचा हात हलला नव्हता, आता ओठ हलत होते.

मी शिपायाला वर पाठवलं. का पाठवलं ते मला सांगता येणार नाही. इन्स्पेक्टरांचा या कामाशी आता संबंध नव्हता आणि अण्णा त्यांच्याशी बोलत नव्हते.

ते खाली आले तेव्हा अण्णा दरवाज्यापर्यंत पोचले होते. इन्स्पेक्टरांनी त्यांना हाक मारली नाही. ते सरळ काउंटरच्या आत आले, माझ्या समोरचा न भरलेला छापील संमतीचा कागद वाचला आणि विचारलं, "साक्षीदार लागतो ना यावर?"

"लागतो. ओळखीचा कोणीही."

"मी ओळखतो यांना."

मी पेन पुढे केलं. ते त्यांनी घेतलं नाही. शाईचा डबा उघडला, डाव्या हाताचा अंगठा त्यात दाबला आणि साक्षीदाराच्या चौकटीत उठवला. नीट, मधोमध, बघून.

हेडक्लार्क उठून उभे राहिले. "अहो, हे काय करताय? सही करा! तुम्ही इन्स्पेक्टर आहात!"

"इथे छापलंय, सही किंवा अंगठा. मी अंगठा दिला."

"पण तुम्हाला सही येते!"

"येते," इन्स्पेक्टर म्हणाले. "अण्णांनापण येते."

रांगेतलं कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. अण्णा दरवाज्यात उभे होते. त्यांनी काउंटरवरच्या कागदाकडे पाहिलं, मग इन्स्पेक्टरांच्या निळ्या झालेल्या अंगठ्याकडे. ते सावकाश चालत परत आले, काउंटरसमोरच्या बाकड्यावर बसले आणि डावा हात माझ्यापुढे धरला. तो हात हलत नव्हता. मी त्यांचा अंगठा शाईत टेकवला, कागदावर उठवला आणि खाली माझ्या अक्षरात त्यांचं नाव लिहिलं. शेजारी इन्स्पेक्टरांचं लिहिलं.

नवीन परवानाधारकाची सही राहिली होती. वैशालीने कागद आपल्याकडे ओढला आणि उभ्या उभ्याच सही केली. तिचं नाव, मध्ये बापाचं पूर्ण नाव, मग आडनाव. एकही अक्षर न आखडता, सगळं वाचता येईल असं.